पांदणीतला घाट

वरूडच्या संत्र्यावर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. पडलेला भाव, आंबिया बहाराची गळ, कोळशी, डिंक्या, दरवर्षी खाली जाणारं विहिरीचं पाणी, बांगलादेशानं वाढवलेलं आयात शुल्क, यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात आणि ते भरायलाच हवेत. पण झाडावरून तोडलेलं फळ डांबरी रस्त्याला लागेपर्यंत जे दोन-तीन किलोमीटर जातं, त्या वाटेचा हिशेब कुणी फारसा मांडत नाही. तोडा सुरू झाला की शेंदूरजना घाट, जरूड, पुसला, लोणी, बेनोडा, टेंभुरखेडा, राजुरा बाजार या सगळ्या पट्ट्यात ट्रॅक्टर आणि ट्रॉली हीच खरी वाहतूक असते. ट्रक येतो तो डांबरीपर्यंत. रेल्वे येते ती स्थानकापर्यंत. बगीच्यात जातो तो ट्रॅक्टरच, आणि तो काय पितो हे टाकी रिकामी झाल्यावरच कळतं.

चार ट्रॅक्टरवाले एकत्र आले की पहिला प्रश्न असतो तो ॲव्हरेजचा. लिटरला किती पडते? कुणी सहा सांगतो, कुणी चार, कुणी छातीठोकपणे आठ. यातलं कुणीही खोटं बोलत नसतं. प्रत्येकाची वाट वेगळी, ट्रॉलीतला माल वेगळा. मला वाटतं, ओढणाऱ्या वाहनाला हा प्रश्न विचारण्यातच चूक आहे. मोटारसायकलला तो ठीक, कारण तिच्यावर बसणारी माणसं दोन आणि रस्ता बहुतेक वेळा तोच. ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला विचारायचं ते असं: एक टन माल एक किलोमीटर नेताना किती डिझेल जळलं? आणि शेतकऱ्याच्या भाषेत: एका कॅरेटमागे किती?

हा प्रश्न माझा नाही. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी इथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. आपल्या सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला. देशात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या कसोट्या तिथे होतात आणि त्यांचे अहवाल छापले जातात. नांगरटीच्या चाचणीबरोबर ट्रॉली ओढण्याची चाचणीही त्या अहवालांत दिसते, आणि तिथे तेलाचा खर्च दर टनाला, दर किलोमीटरला किती मिलिलिटर असा दिलेला असतो. शोरूममध्ये ट्रॅक्टर पाहायला गेलेला माणूस अश्वशक्ती विचारतो, गिअर विचारतो, हप्ता विचारतो. हा आकडा मागणारा विरळा. मागावा. तो लपवलेला नाही.

आता हिशेबाला लागू. आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक ट्रॅक्टरचे थोडे पुढे-मागे होतील, पण त्यांचं आपसातलं प्रमाण फारसं बदलणार नाही. दोन टनांचा ट्रॅक्टर, दीड टनाची रिकामी ट्रॉली, तीत चार टन संत्रा, म्हणजे वीस किलोचे दोनशे कॅरेट. एकूण वजन साडेसात टन. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. त्यातली बरीचशी इंजिनाच्या उष्णतेत आणि धुरात जाते, काही गिअरबॉक्समध्ये. चाकापर्यंत पोचते ती जेमतेम पाव, म्हणजे अडीच युनिट. एवढ्यावरच सगळा ओढा चालतो.

चांगल्या डांबरीवर हे साडेसात टन ओढायला जो जोर लागतो तो वजनाच्या साधारण दोन टक्के असतो. फिरताना टायर खाली दबतं, वर आल्यावर सुटतं, आणि त्या दबण्या-सुटण्यात जोर मुरतो. एका किलोमीटरला चाकाशी ०.४ युनिट लागतात. म्हणजे लिटरला सहा किलोमीटर. ट्रॅक्टरवाल्यांनी सांगितलेला सहाचा आकडा इथला आहे.

तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली, पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेत, घाला. आंबियाचा तोडा सुरू होतो तेव्हा पाऊस नुकता ओसरलेला असतो, कधी ओसरलेलाही नसतो. वरूडच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि मऊ होते. चाक त्यात रुततं, आपणच केलेल्या खळग्यातून वर यायला बघतं आणि पुढे जाऊन पुन्हा रुततं. अशा मातीत ओढायचा जोर वजनाच्या दहा टक्क्यांवर जातो, चिखल जास्त असेल तर त्याच्याही वर. दहा टक्के म्हणजे काय ते नीट पाहावं. सपाट जमिनीवर एक किलोमीटर जायला जेवढं काम करावं लागतं, तेवढ्याच कामात हे साडेसात टन सरळ शंभर मीटर उंच उचलले जातात. दोन किलोमीटरची ओली पांदण पार करणारा ट्रॅक्टर दोनशे मीटरचा घाट चढतो. नकाशात तो घाट कुठेही नाही. शिवाय मागची चाकं जागच्या जागी फिरतात, आणि चाक शंभर फेरे फिरून पंच्याऐंशी फेऱ्यांचंच अंतर कापत असेल तर पंधरा टक्के डिझेल मातीत गेलं. सगळं धरून किलोमीटरला पाऊण ते एक लिटर.

म्हणजे दोन किलोमीटर पांदणीला जवळजवळ पावणेदोन लिटर. आणि पुढे मंडीपर्यंतच्या दहा किलोमीटर डांबरीलाही तेवढंच. रिकामी ट्रॉली परत आणताना वजन निम्म्यावर येतं, खर्चही साधारण निम्म्यावर. एकूण फेरी पाच लिटरच्या थोडी वर, दोनशे कॅरेट, म्हणजे एका कॅरेटमागे पंचवीस मिलिलिटर.

हा आकडा एकटा पाहिला तर किरकोळ वाटतो. म्हणून शेजारी दुसरा ठेवतो. दहा चाकी ट्रक सोळा टन संत्रा घेऊन वरूडहून नागपूरच्या कळमना बाजाराला निघाला, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, लिटरला चार किलोमीटर. पंचवीस लिटर, आठशे कॅरेट. कॅरेटमागे तीस मिलिलिटरच्या आसपास, परतीला ट्रकला भाडं मिळतं असं धरून. झाडापासून मंडीपर्यंतचे बारा किलोमीटर आणि मंडीपासून नागपूरपर्यंतचे शंभर किलोमीटर, दोन्हीला फळामागे जवळजवळ सारखंच डिझेल लागतं! आपण भाड्याची घासाघीस करतो ती शंभर किलोमीटरवर. बारा किलोमीटर घरचे समजून सोडून देतो.

आणि यात चिखलामुळे ट्रॉली अर्धीच भरावी लागली तर काय होतं, ते धरलेलंच नाही. पांदण वाईट असली की माणूस दोनशे कॅरेट भरायला धजत नाही. फसली तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, तिकडे व्यापाऱ्याचा ट्रक खोळंबलेला. मग शंभरच भरायचे आणि दोन फेऱ्या करायच्या. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचं स्वतःचं साडेतीन टन वजन दोनदा ये-जा करतं. कॅरेटमागचं डिझेल पंचविसाचं चाळिशीकडे जातं, आणि ते चालवणाऱ्याच्या हातात नसतं.

चालवणाऱ्याच्या हातात काय असतं, हेही सांगितलं पाहिजे, कारण तिथेही बरंच सुटतं. पहिली गोष्ट, भराई चालू असताना सुरू ठेवलेलं इंजिन. दोनशे कॅरेट चढवायला तास-दीड तास लागतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना शेतकऱ्यांना कित्येक वर्षं सांगत आली आहे की, उभ्या ट्रॅक्टरचं चालू इंजिन तासाला लिटरभराच्या वर डिझेल खातं. म्हणजे एका भराईत जवळजवळ पांदणीएवढं तेल गेलं, आणि ट्रॅक्टर जागचा हललाही नाही. इंजिन बंद का करत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. बॅटरी उतरलेली असते, एकदा बंद केलं तर ढकलून सुरू करावं लागेल ही धास्ती. नवी बॅटरी महाग वाटते. एका हंगामातल्या भरायांचे तास मोजले तर ती स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट रेसची. डिझेल इंजिन सगळ्यात काटकसरीनं चालतं ते मधल्या फेऱ्यांवर आणि चांगल्या ओझ्याखाली. डांबरीवर लागलं की वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवावी. खालच्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन तेवढ्याच वेगानं गेलं तर इंजिन स्वतःलाच फिरवण्यात तेल घालवतं. मात्र चढावर वरचा गिअर धरून ठेवून इंजिन धापा टाकायला लागलं, काळा धूर आला, तर तोही तोटाच. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. धूर सपाटीवरही येत असेल तर आधी एअर क्लीनर उघडून पाहावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाचा तोडा असतो तेव्हा पांदणीत घोट्याएवढा फुफाटा असतो आणि तो सगळा इंजिनाच्या नाकाशी जातो.

टायरच्या हवेचं तर दुहेरी त्रांगडं आहे. शेतात मागच्या टायरला हवा कमी बरी, चाक पसरून मातीवर पकड घेतं. डांबरीवर तीच कमी हवा टायरला जास्त दाबते आणि डिझेल खाते. ट्रॅक्टरच्या टायरबाबत दोन्हींचा मध्य साधावा लागतो. ट्रॉलीच्या टायरला तसली अडचण नाही, तिला ओढायचं नसतं, नुसतं मागे यायचं असतं. तरी गावोगाव ट्रॉलीची हवाच सगळ्यात दुर्लक्षित. नांगरटीसाठी मागच्या चाकांत भरलेलं पाणीही काही जण वर्षभर तसंच ठेवतात. नांगराला त्या वजनाचा उपयोग आहे. डांबरीवर ते नुसतं सोबत फिरतं.

सातपुड्याच्या उताराबद्दल जरा थांबून लिहितो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. वरूड तालुक्याची उत्तरेची शीव सातपुड्याला टेकलेली. मुलताई, जिथे तापी उगम पावते, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. वरूड तिच्या बरंच खाली. भरल्या ट्रॉलीला दर शंभर मीटर चढायला पाऊण लिटरच्या वर डिझेल लागतं, त्याला इलाज नाही. इलाज शोधला जातो तो उतरताना. चढावर गेलेलं तेल उतारावर वसूल करू म्हणून गिअर काढून ट्रॅक्टर मोकळा सोडतात. यात दोन चुका आहेत. मोकळ्या गाडीचं इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहतं, म्हणजे थोडं का होईना तेल पितच राहतं. गिअरमध्ये उतरताना मात्र चाकंच इंजिनाला फिरवतात, फेरे ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की गव्हर्नर पंपाचं डिझेल तोडतो, आणि इंजिन तेल न घेता गाडीला आवरून धरतं. म्हणजे गिअर काढून बचत होत नाही, उलट खर्च होतो. दुसरी चूक याहून मोठी. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. साडेपाच टनांची ट्रॉली दोन टनांच्या ट्रॅक्टरला मागून ढकलते, वळणावर तो आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने चालक सांगतात. त्यात जीवही राहतो आणि तेलही.

पिकअपचं गणित वेगळं, कारण तिथे वारा मध्ये येतो. अलीकडे लहान बागायतदार ट्रकची वाट न पाहता पंचाहत्तर-ऐंशी कॅरेट पिकअपमध्ये घालून थेट नागपूर किंवा अमरावती गाठतो. ट्रॅक्टर ताशी पंचवीसनं जातो, त्याला वारा जाणवत नाही. पिकअप ताशी ऐंशीला लागली की तिच्या डिझेलचा मोठा वाटा हवेला बाजूला सारण्यात जातो. वेग पन्नासाचा ऐंशी झाला तर हवेचा विरोध अडीचपट होतो. वर कॅरेटची थप्पी केबिनच्या बाहेर डोकावत असेल, ताडपत्री फडफडत असेल, तर आणखी. अमेरिकेत डिझेल पिकअपच्या मागे चाकांवरचं घर जोडून महिनोन् महिने फिरणारी कुटुंबं आहेत. त्यांचा अनुभवही हाच, घर जोडलं की ॲव्हरेज जवळजवळ निम्म्यावर येतं. त्याचं मोठं कारण घराचं वजन नसून त्याचं भिंतीसारखं सपाट तोंड असतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये त्या देशानं सगळ्या महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली ती याच हिशेबानं. आपल्या राज्यानंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा हे गणित पुढेमागे आपल्याकडच्या पर्यटकालाही करावं लागेल. वरूडच्या पिकअपवाल्याला आज करावं लागतं. लिटरला बारा धरले तरी नागपूरपर्यंत त्याच्या एका कॅरेटमागे ११० मिलिलिटर जातात, ट्रकच्या साडेतीन पट. त्याला भाव बरा मिळत असेल तर ते परवडतं. पण ताडपत्री आवळून, थप्पी केबिनच्या उंचीत ठेवून ताशी पन्नास-साठनं गेला तर त्यातले काही लिटर त्याचेच राहतील.

रेल्वेचं मात्र कौतुकच करावं लागतं. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे टायरला जो जोर लागतो त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यातही काम भागतं. नरखेड-अमरावती मार्गावरच्या आपल्या स्थानकाचं नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरकडे संत्र्याची किसान रेल सुटली तेव्हा तिला इथे थांबा होता, आणि भाड्यात ५० टक्के सवलत होती. हजार किलोमीटर दूर जाणाऱ्या फळासाठी याहून काटकसरीची वाहतूक नाही. पण संत्रा रेल्वेनं गेला, ट्रकनं गेला की पिकअपनं गेला, पहिले दोन किलोमीटर तेच राहतात. पांदण कुणालाच चुकत नाही.

म्हणून नोव्हेंबर २०२१ हा महिना मला फार बोलका वाटतो. त्या महिन्याच्या ३ तारखेला, दिवाळीच्या ऐन तोंडावर, केंद्रानं डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरला १० रुपयांनी घटवलं. त्याआधीच्या महिन्यात राज्यात डिझेल शंभरीपार गेलं होतं, त्यामुळे सगळीकडे त्याची बातमी झाली. पाच लिटरच्या फेरीत पन्नास रुपये वाचले. त्याच महिन्यात राज्य सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेचा निर्णय काढला, रोजगार हमीचा आणि राज्याचा पैसा एकत्र करून शेतरस्ते बांधायचे. त्याची चर्चा त्या मानानं थोडी झाली. पांदण खडी-मुरमानं पक्की झाली की ओढायचा जोर वजनाच्या तीन टक्क्यांवर येतो. दोन किलोमीटरला भरल्या ट्रॉलीचे पावणेदोन लिटर जिथे जायचे तिथे अर्धा लिटर जातो, परतीचंही वाचतं, एकूण फेरीत दोन लिटरच्या आसपास. नव्वदीच्या भावानं १८० रुपये. शुल्काच्या कपातीपेक्षा साडेतीन पट बचत, आणि ती दिल्लीतल्या कुठल्या निर्णयानं पुढल्या वर्षी परत जाणारी नाही. ट्रॉली पूर्ण भरता येते, आदळआपट कमी झाल्यानं तळच्या कॅरेटमधलं फळ दबत नाही, तो फायदा वेगळा. संत्र्याची साल सैल असते. तिला मार लागला की वरून दिसत नाही आणि चौथ्या दिवशी मंडीत दिसतो.

पैशापेक्षा जागेचा प्रश्न अवघड आहे. गावनकाशात दोन तुटक रेषांनी दाखवलेली पांदण जागेवर पाहायला जावं तर कुठे धुरा सरकलेला असतो, कुठे विहिरीचा मलबा टाकलेला, कुठे कुणी संत्र्याचीच एक ओळ जास्त लावलेली. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. रस्ताच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. पण भावकीत आणि शेजाराशेजारात अर्ज करायला जीव होत नाही, हेही खरं. जिथे दोन्ही बाजूंचे शेतकरी एकत्र बसून हात-दीड हात जागा सोडतात, तिथे काम एका हंगामात उरकतं. कॅरेटमागचं डिझेल कागदावर मांडून दाखवलं तर ही बैठक सोपी होईल असं मला मनापासून वाटतं. धुऱ्यावरच्या झाडांच्या एका ओळीचं उत्पन्न आणि तीस बगीच्यांच्या फेऱ्यांचं डिझेल, हे दोन आकडे शेजारी ठेवून बोलता येतं.

आणि रस्ता मंजूर झाला तरी एक गोष्ट आधी पाहून घ्यावी लागते. वर्षानुवर्षं चाकांखालची माती उडून पांदणी आजूबाजूच्या शेतांपेक्षा खोल गेल्या आहेत. पावसाळ्यात शेतांचं पाणी त्यांतूनच वाहतं. त्या खोलगटात नुसता मुरूम टाकला तर पहिल्या दोन पावसांत तो काळ्या मातीत बुडतो आणि पुढच्या आंबियाला ट्रॅक्टर पुन्हा तिथेच फसतो. आधी भराव करून रस्ता शेतांच्या वर उचलायला हवा, दोन्ही अंगांना नाल्या काढायला हव्यात, वाटेत आडवा ओहोळ असेल तिथे पाइप टाकायला हवा, आणि मगच खडी. अंदाजपत्रकात भराव, नाली आणि पाइप धरले आहेत की नुसता मुरूम, हे काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत विचारून घ्यावं.